वडिलांचं नाव वहीत लिहून घेणाऱ्या सरांना

आदरणीय सर,

परवा पीएचडीची व्हायवा झाली. घरी पेढे वाटून झाले, गाइडना फोन झाला. तुम्हाला इंग्रजीत रीतसर मेल पाठवलाच आहे, पण त्यात जे बसलं नाही ते इथे मराठीत लिहितोय. नाव मुद्दाम घालत नाही, तुम्हाला ते रुचणार नाही.

सोव्हिएत दुष्काळावर काम करायचं म्हटल्यावर आमच्याकडे काय काय ऐकून घ्यावं लागलं! एका विभागप्रमुखांनी सिनॉप्सिस परत देताना विचारलं, "आपल्याकडे दुष्काळ कमी पडलेत का, की रशियातले आणायला निघालात?" दुसऱ्या एका विद्वानांना एवढंच जाणून घ्यायचं होतं, की मी स्टालिनच्या बाजूचा की विरोधातला. उत्तर पसंत पडलं नसावं, कारण पुढे माझ्या मेलना त्यांच्याकडून पोचही आली नाही. या मंडळींवरचा राग गेला असं म्हणवत नाही.

तुम्ही मात्र उभी हयात याच आकड्यांत घातलेली. अभिलेखागारं बंद होती तेव्हा जुनी सोव्हिएत वर्तमानपत्रं आणि सांख्यिकीचे छापील खंड ओळ न् ओळ चाळलेत. नव्वदीच्या सुरुवातीला दारं उघडली, तेव्हा पिकलेल्या केसांनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केलीत. १८९१चा व्होल्गाकाठचा दुष्काळ, १९२१चा, १९३२-३३चा, युद्धानंतरचा १९४६-४७चा. कुणी "म्हणजे तुम्ही दुष्काळतज्ज्ञ" म्हटलं, की "छे, मी धान्याचा हिशेबनीस" म्हणायचात.

आपली भेट मॉस्कोत, बोल्शाया पिरोगोव्स्काया रस्त्यावरच्या आर्थिक अभिलेखागारात झाली. मी १९३३च्या पिकाच्या आकड्यांशी झगडत होतो. सरकारने जाहीर केलेलं उत्पादन जवळपास ९ कोटी टन. स्टालिन गेल्यानंतर खुद्द सोव्हिएत आकडेवारीनेच तो आकडा ६ कोटी ८४ लाखांवर आणला. मधलं धान्य गेलं कुठे? कुठेच नाही, ते कोठारात आलंच नव्हतं. शेतात उभ्या असलेल्या पिकाचा अंदाज हेच उत्पादन धरायचं, अशी पद्धत त्या वर्षापासून सुरू झाली होती. कापणीत सांडलेलं, शेतातच कुजलेलं, सगळं कागदावर जमा.

चहाच्या वेळी तुम्ही विचारलंत, "तुमच्या गावात पीक किती आलं हे कोण ठरवतं?" मी उभ्या उभ्या पैसेवारी सांगितली, म्हणजे गावचं पीक रुपयात किती पैसे आलं हे सरकारदरबारी ठरवण्याची रीत. आधी नजर पैसेवारी, मग सुधारित, पिकं निघाल्यावर अंतिम. पन्नास पैशांच्या खाली आली तरच गावाला सवलती. आणि सहज म्हणून वडिलांचं बोलणं सांगितलं: बांधावरून ज्वारी नेहमी भरघोसच दिसते, कणसात दाणा भरलाय का ते खळ्यावर कळतं.

तुम्ही हातातला कप खिडकीत ठेवलात, खिशातली वही काढलीत आणि ते वाक्य उतरवून घेतलंत. मग वडिलांचं पूर्ण नाव विचारलंत. स्पेलिंग पुन्हा विचारून खात्री केलीत. त्याखाली तालुका लिहिलात, माण. वरच्याच ओळीत चायानोवचं नाव होतं. शेतकरी कुटुंबाचं अर्थशास्त्र मांडणारा तो माणूस. १९३० साली अटक झाली, १९३७ साली गोळ्या घातल्या. त्याच्याखाली माझे वडील, ज्यांनी बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडली.

सर, तुम्ही नंतर मला संदर्भ दिलेत, मसुदे वाचलेत, शिफारसपत्रं लिहिलीत. त्याबद्दल आभार आहेतच. पण प्रबंध उभा राहिला तो त्या पानावर. आपल्या घरातलं ज्ञान विद्यापीठाच्या दाराबाहेर चपलांसारखं काढून ठेवायचं असतं, असंच मला तोवर शिकवलेलं होतं.

माणसाचं नाव नीट लिहून घेणं ही तुमची सवयच असावी. १९३७च्या सोव्हिएत जनगणनेत लोकसंख्या १६ कोटी २० लाख भरली. स्टालिनने तीन वर्षांपूर्वीच १६ कोटी ८० लाख सांगून टाकलेली. जनगणनाच रद्द झाली, मोजणारे अधिकारी तुरुंगात गेले, काहींना मारलं. त्यांच्याबद्दल तुम्ही बोलायचात ते सहकाऱ्यांबद्दल बोलावं तसं. आणि १९३२-३३चा दुष्काळ निसर्गाने आणला की स्टालिनने, हा वाद कितीही पेटला तरी धान्याच्या हिशेबातून हललात नाही. १९३१चा कोरडा उन्हाळा मोजलात, १९३२चा पिकावरचा तांबेरा रोग मोजलात, शेतातले घोडे चार वर्षांत निम्म्यावर आले तेही मोजलात. आणि १९३१ साली ५० लाख टनांहून अधिक धान्य परदेशी विकलं गेलं, हेही त्याच शांतपणे मांडलंत. त्यामुळे दोन्ही बाजू तुमच्यावर नाराज. तुम्ही त्यांच्या पत्रांना उत्तरं द्यायचात, तीही सभ्य भाषेत. आमच्या त्या विभागप्रमुखांना यातलं एखादं वाचायला मिळायला हवं होतं.

वडिलांना तुमच्या वहीबद्दल सांगितलं तेव्हा ते जरा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "त्या साहेबास्नी इचार, तिकडं बी-बियाणं तरी ठिवलं का न्हाई?" १९३२च्या डिसेंबरात युक्रेनमध्ये सरकारला द्यायच्या धान्याचा कोटा न भरलेल्या सामूहिक शेतांकडून बियाण्याचा साठाही काढून घ्यायचा हुकूम निघाला, हे मी सांगू शकलो असतो. पण त्यांना ते तुमच्याकडून ऐकायचंय. तेव्हा थंडीत या. रब्बी उभी असेल, दुभाष्याचं काम मी करीन.

तुमचा,
कागदोपत्री नसलेला विद्यार्थी