उद्घाटनाच्या बातमीत चित्र कुठे आहे?

माननीय संपादक,
सादर नमस्कार.

आपल्या दैनिकाच्या सिंधुदुर्ग आवृत्तीत नुकतीच जिल्ह्यातील काही चित्रकारांच्या समूह प्रदर्शनाची बातमी वाचली. दीपप्रज्वलन कोणी केले, फीत कोणाच्या हस्ते कापली गेली, व्यासपीठावर कोण कोण होते आणि आभार कोणी मानले, हे सारे त्या दोन कॉलमांत नावांनिशी आले होते. चित्रकारांची नावे मात्र अखेरच्या परिच्छेदात एका ओळीत उरकली होती आणि त्यांतलेही एक राहून गेले होते. चित्रे जलरंगातली होती की तैलरंगातली, निसर्गचित्रे होती की व्यक्तिचित्रे, याचा उल्लेख कुठेच नव्हता. सोबतच्या छायाचित्रात मान्यवरांच्या खांद्यांमागून एका चित्राचा कोपरा तेवढा डोकावत होता. शिवाय बातमी आली तोच प्रदर्शनाचा शेवटचा दिवस असल्यामुळे, ती वाचून एखाद्याला जावेसे वाटले असते तरी त्याच्या हाती संध्याकाळपर्यंतचाच वेळ होता.

माझी विनंती अशी, की प्रदर्शनाची बातमी ते भरण्याआधी छापावी आणि तिच्यात चित्रकाराला आपल्या कामाविषयी बोलू द्यावे. हापूसची पहिली पेटी वाशीच्या बाजारात निघाली की बागायतदार कोण, आंबा कोणत्या गावचा आणि दर काय मिळाला, हे आपण पहिल्या पानावर देता; तेवढी चौकशी चित्राच्या वाट्याला यावी, ही अपेक्षा फार मोठी नसावी.

हे लिहिण्याचा माझा अधिकार मर्यादित आहे. मी चित्रकार नाही. कुडाळमध्ये चित्रे फ्रेम करण्याचे माझे दुकान आहे. देवादिकांच्या तसबिरी, लग्नातले फोटो आणि सत्कारांची मानपत्रे यांवर ते चालते. परंतु प्रदर्शन जवळ आले, की आसपासच्या तालुक्यांतले चित्रकार कामे घेऊन येतात, आणि माउंट (चित्राभोवतीचा पुठ्ठा) कोणत्या रंगाचा घ्यावा, फ्रेमची पट्टी किती रुंद असावी, काच साधी लावावी की न चकाकणारी, हे ठरवता ठरवता आपल्या चित्रांविषयी असे काही बोलून जातात, की ते छापून यायला हवे होते असे मला नेहमी वाटते. उद्घाटनाच्या भाषणात त्यातले काहीच येत नाही, कारण तिथे त्यांना दोन मिनिटे मिळतात आणि ती पाहुण्यांचे ऋण व्यक्त करण्यात जातात.

वेंगुर्ल्याकडचे एक जलरंगकार गेली काही वर्षे चिऱ्याच्या, म्हणजे जांभ्या दगडाच्या, भिंतींचीच चित्रे काढतात. येत्या दिवाळीनंतर त्यांच्या या चित्रांचे प्रदर्शन सावंतवाडीत होणार आहे. कुंपणाच्या भिंती एवढ्या का काढाव्यात, असे मी त्यांना विचारले होते. त्यांनी सांगितले, की खाणीतून नुकताच काढलेला चिरा केशरी-तांबडा असतो, उन्हावाऱ्याने तो कठीण होत जातो आणि त्याचा रंगही उतरत जातो. काही पावसाळे अंगावर घेतलेली भिंत काळपट होते, तिच्यावर शेवाळ धरते आणि तेच शेवाळ माघ-फाल्गुनात वाळून राखाडी दिसू लागते. त्यामुळे एकाच भिंतीचे लाल वर्षभरात कितीदा तरी बदलते, आणि ट्यूबमधला तयार लाल रंग तिथे लावला तर भिंत खोटी दिसते. मग त्यांनी एका चित्रातल्या सावलीवर बोट ठेवले. मला ती सावली काळी वाटत होती, पण काळा रंग त्यांनी वापरलाच नव्हता. बर्न्ट सिएना या तांबूस तपकिरी रंगावर अल्ट्रामरीन या निळ्याचा पातळ हात फिरवून ती आणली होती, आणि चित्र खिडकीपाशी नेल्यावर तिच्यातला जांभळेपणा मला दिसला. आमच्या घराभोवती चिऱ्याचाच गडगा (कुंपणाची भिंत) आहे; त्याच्याकडे मी तोवर कधी निरखून पाहिले नव्हते.

पावसाचेही तसेच. आपल्याकडच्या आषाढ-श्रावणात जलरंगाचा कागद लवकर सुकत नाही, एक वॉश (रंगाचा पातळ थर) वाळण्याआधी दुसरा दिला तर रंग एकमेकांत पसरतात, आणि नीट न ठेवलेल्या कागदाला बुरशी लागली की त्यावरचा सरसाचा लेप निकामी होऊन रंग डागाडागांनी आत शोषला जातो. बरेच चित्रकार या दिवसांत जलरंग बाजूला ठेवून अ‍ॅक्रिलिककडे वळतात. मालवणकडची एक तरुण चित्रकर्ती मात्र मुद्दाम याच दिवसांत जलरंगाचे काम करते. रंग पसरू देणे हेच तिचे तंत्र आहे, आणि तिच्या चित्रांत दिसणारी धूसर किनारपट्टी हे त्या हवेचेच काम आहे, असे ती हसत सांगते. तिची चित्रे फ्रेम करताना काच आणि कागद यांत अंतर सोडावे लागते, मागची बाजू टेपने बंद करावी लागते, एवढे करूनही दमट हवेची धास्ती राहतेच. (हे मी फ्रेमवाला म्हणून लिहितो आहे, चित्र घेणाऱ्यांनी ते पावसाळी भिंतीला घट्ट चिकटवून टांगू नये.) हे सारे वाचून जो प्रदर्शनाला जाईल, तो त्या चित्रांसमोर नुसते ‘छान आहे’ म्हणून पुढे सरकणार नाही.

चित्रासोबत बोलणे आपल्या मातीला नवे नाही. कुडाळला लागून असलेल्या पिंगुळीत ठाकर समाजाची चित्रकथी परंपरा आहे. रामायण-महाभारतातील एकेका आख्यानाची चित्रे क्रमाने लावलेली, दोन चित्रे पाठीला पाठ चिकटवलेली, अशा संचाला तिथे पोथी म्हणतात. वीणा, टाळ आणि हुडूक हे छोटे चर्मवाद्य यांच्या साथीने एकेक चित्र समोर धरून कथा सांगितली जाते. तिथे चित्र मुके राहूच शकत नाही. ही कला जपणारे परशुराम गंगावणे यांना 2021 मध्ये पद्मश्री जाहीर झाली, तेव्हा सर्व वृत्तपत्रांनी त्यांची छायाचित्रे छापली आणि ते योग्यच झाले. पण त्यांनी आपल्या गोठ्याच्या जागेत उभारलेल्या संग्रहालयातील जुन्या चित्रांत नेमके काय आहे, जवळजवळ सगळे चेहरे बाजूने का दाखवतात, डोळे एवढे मोठे का, आणि नव्या पिढीचे कलाकार तेच रंग वापरतात की दुसरे, हे विचारायला पुरस्कारानंतर कितीजण पुन्हा गेले? सावंतवाडीच्या गंजिफांचीही, म्हणजे हाताने रंगवलेल्या खेळण्याच्या पत्त्यांचीही, तीच गत आहे. दशावतारी गंजिफांचा संच 120 गोल पानांचा असतो, दहा अवतारांची प्रत्येकी बारा पाने. यापलीकडची माहिती, म्हणजे तळहाताएवढ्या गोलात मत्स्य किंवा वराह बसवताना कारागिराला काय काय सोडून द्यावे लागते, ती त्याच्याच तोंडून यायला हवी.

न विचारल्याचे परिणाम दूरवर जातात. म्हैसूरच्या जगन्मोहन पॅलेसमध्ये ‘ग्लो ऑफ होप’ हे जलरंगातले चित्र आहे. हातात दिवा घेतलेल्या स्त्रीने ज्योतीसमोर तळहात धरला आहे आणि बोटांच्या फटींतून तो उजेड तांबूस होऊन पाझरतो आहे. हे चित्र सावळाराम लक्ष्मण हळदणकर यांचे. त्यांचा जन्म 1882 चा, सावंतवाडीचा; चित्रासाठी बसली होती ती त्यांचीच मुलगी. तरीही ते राजा रविवर्म्याचे समजणारे लोक आजही पुष्कळ भेटतात, आणि त्यांत आपल्या जिल्ह्यातलेही असतात. माझ्या दुकानात त्याची छापील प्रत फ्रेम करायला आणणाऱ्यांना मी चित्रकाराचे गाव सांगतो, तेव्हा काहींना ते खरे वाटत नाही.

याउलट सासवण्याचे उदाहरण पाहावे. अलिबागजवळच्या त्या गावात एका तरुणाने देवळाच्या भिंतीवर काढलेले शिवाजी महाराजांचे चित्र ऑटो रॉथफील्ड या कलेक्टरच्या नजरेस पडले. हे कोणी काढले, अशी चौकशी त्याने केली आणि पुढे विनायक पांडुरंग करमरकर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये पोहोचले. पुण्यातला 1928 चा अश्वारूढ शिवपुतळा त्यांचाच, आणि त्यांच्या सासवण्याच्या घरी आज शिल्पालय आहे. सगळ्याच चौकशा इतक्या फळाला येणार नाहीत, हे उघड आहे. पण देवरुखचे लक्ष्मीबाई पित्रे कलासंग्रहालय, सावर्ड्याचे सह्याद्री कला महाविद्यालय अशी ठिकाणे कोकणात असताना आपल्या पानांवर ती वर्षातून किती वेळा दिसतात, हे आपणच तपासून पाहावे.

दोष एकट्या वृत्तपत्रांचा आहे, असे माझे म्हणणे नाही. चित्रकारांचेही बोलणे बातमीदारासमोर एकदम बदलते. दुकानात ‘या झाडाचा हिरवा मला तीनदा पुसावा लागला’ असे सांगणारा माणूस पत्रकात ‘निसर्ग हीच माझी प्रेरणा’ किंवा ‘अमूर्ताच्या अनुभूतीचा शोध’ असे लिहून देतो, आणि तेच जसेच्या तसे छापले जाते. प्रश्न नेमका विचारला तर उत्तरही नेमके येते, असा माझा अनुभव आहे. हे काम कुठे बसून केले, किती दिवस चालले, कुठे फसले, आधीच्या प्रदर्शनापेक्षा यात वेगळे काय, एवढे विचारले तरी पुष्कळ झाले. आपल्याकडचे अनेकजण ऐन पावसाळ्यात गणपतीच्या शाळेत, म्हणजे मूर्ती घडवण्याच्या कारखान्यात, राबतात. मूर्तीच्या डोळ्यांची आखणी करणारा हात पुढे कॅनव्हासवर चेहरा काढतो तेव्हा त्याला काय सोपे जाते आणि कोणती सवय मोडावी लागते, हा एकच प्रश्न घेऊन एखादा चांगला लेख होईल.

आणखी दोन गोष्टी. चित्रे विक्रीला आहेत का आणि साधारण कोणत्या किमतीपासून आहेत, हेही बातमीत द्यावे. किंमत विचारण्याचा संकोच असल्यामुळे ऐपत असलेले लोकही न विचारता परत जातात आणि नव्या घराच्या दिवाणखान्यात धबधब्याचे छापील पोस्टर लावतात. सर्वांत महागडी फ्रेम मी अशाच पोस्टरांना केलेली आहे. दुसरे असे, की प्रत्येक प्रदर्शनाला ‘रसिकांचा उत्स्फूर्त प्रतिसाद’ लाभला असे छापण्याऐवजी, एखादे काम जमलेले नसेल तर तेही जाणकाराकडून सभ्यपणे लिहवून घ्यावे. चित्रकार आठवडाभर नाराज होतील, पण आपले काम कोणीतरी नीट पाहिले एवढे तरी त्यांना कळेल. मुंबईच्या जहांगीर कलादालनात तारीख मिळण्यासाठी वर्षानुवर्षे थांबणाऱ्या आपल्या मुलांना तिथल्या प्रेक्षकांच्या प्रश्नांना तोंड द्यावे लागते. त्याची थोडी तयारी घरच्या वृत्तपत्राने करून घेतली तर बिघडणार नाही.

दिवाळीनंतरच्या प्रदर्शनांची कामे साधारण दोन आठवडे आधी फ्रेमसाठी येऊ लागतील. आपल्या बातमीदाराला पाठवायचे असेल तर दुपारी तीननंतर पाठवावे, कारण या चित्रकारांतले बरेचजण शाळांत कलाशिक्षक आहेत आणि ते शाळा सुटल्यावरच येतात. चित्रकारांची परवानगी मी आधी विचारून ठेवीन. छायाचित्रकार सोबत असेल तर काच बसवण्याआधी यावे. एकदा काच बसली की फोटोत चित्राऐवजी दुकानातली ट्यूबलाइट येते.

आपला नम्र,
एक वाचक आणि फ्रेम व्यावसायिक,
कुडाळ, जि. सिंधुदुर्ग