भीती किरणांची, दुर्लक्ष अर्थिंगकडे

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

गेल्या मे महिन्यात येथे परभणीत आमच्या शेजारच्या वहिनींनी त्यांचा मायक्रोवेव्ह ओव्हन माळ्यावर टाकायला काढला होता. दाराला हात लावताच झिणझिण्या येत होत्या आणि ओव्हनमधून किरण बाहेर पडू लागले आहेत, यावर घरातील सर्वांचे एकमत झाले होते. मी औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतून वीजतंत्री शाखेचा शिल्प निदेशक म्हणून निवृत्त झालो असल्याने अखेरचा उपाय म्हणून मला बोलावणे आले. ओव्हन ठणठणीत होता. दोष अंगणात होता. दोन वर्षांपूर्वी तेथे पेव्हिंग ब्लॉक बसवताना अर्थिंगचा, म्हणजे गळणारी वीज जमिनीत उतरवणारा, खड्डा त्याखाली बुजवला गेला होता, त्यामुळे पावसाचे पाणीही त्यात मुरत नव्हते आणि वरून घालायची सोय तर उरलीच नव्हती.

आपल्याकडची काळी जमीन पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. भेगा पडल्या की माती अर्थिंगच्या पाइपापासून सुटते, खड्ड्यातील मीठ-कोळशाचा ओलावा जातो, आणि तारा सगळ्या जागच्या जागी असूनही अर्थिंग नावापुरते उरते. अशा यंत्रातून अत्यल्प गळतीचा प्रवाह एरवीही असतोच. तो अर्थच्या तारेने जमिनीत गेला तर कळतही नाही, वाट मिळाली नाही तर ओव्हनच्या पत्र्यावर येतो आणि हाताला जाणवतो. आतील एखादी तार उघडी पडून पत्र्याला टेकली, तर मात्र केवळ झिणझिण्यांवर भागत नाही. वहिनींकडे ब्लॉक उचलून खड्डा मोकळा केला, नव्याने मीठ-कोळसा भरून पाणी सोडले आणि झिणझिण्या थांबल्या. उन्हाळ्यात आठवड्यातून एकदा बादलीभर पाणी त्या खड्ड्याला घालावे, एवढेच ते काम आहे. कूलरला आपण रोज भरतो त्याच्या मानाने काहीच नाही.

आता किरणांविषयी. ओव्हनमधील या मायक्रोवेव्ह लहरींची वारंवारता २४५० मेगाहर्ट्झ आणि लांबी सुमारे १२ सेंटिमीटर असते. दाराच्या काचेत जी जाळी दिसते तिची छिद्रे एक-दोन मिलिमीटरची असतात. त्यातून प्रकाश येतो म्हणून आत काय चालले आहे ते दिसते, पण १२ सेंटिमीटरची लहर बाहेर निसटू शकत नाही. दार उघडताच आतील स्विच मॅग्नेट्रॉनचा, म्हणजे या लहरी तयार करणाऱ्या भागाचा, वीजपुरवठा तोडतात. बटण बंद केल्यावर दिव्याचा उजेड जसा खोलीत साठून राहत नाही, तशाच या लहरीही अन्नात उरत नाहीत. दारापासून ५ सेंटिमीटरवर दर चौरस सेंटिमीटरला ५ मिलिवॅटपेक्षा जास्त गळती नसावी, असे आंतरराष्ट्रीय मानक आहे. दार वाकले असेल, बिजागरी ढिली असेल किंवा जाळी फाटली असेल तर ओव्हन वापरू नये. किरणांपुरती काळजी एवढीच.

खरी काळजी भिंतीवरच्या सॉकेटची करावी. ९०० वॅटचा ओव्हन म्हणजे अन्नाला मिळणारे ९०० वॅट; तो विजेकडून १३००-१४०० वॅट घेतो आणि कन्व्हेक्शनवर, म्हणजे गरम हवेने भाजताना, त्याहूनही अधिक. त्यासाठी १६ अँपिअरचे स्वतंत्र सॉकेट हवे. पण आपल्याकडे स्वयंपाकघरात मिक्सरच्या ६ अँपिअरच्या सॉकेटला कन्व्हर्जन प्लग लावून भागवले जाते, तो प्लग तापून काळा पडतो, आणि काही घरांत तर तिसरी, म्हणजे अर्थचीच पिन बसत नाही म्हणून मोडून टाकलेली मी पाहिली आहे. ओव्हन बंद पडला तर घरच्या घरी किंवा टीव्ही दुरुस्त करणाऱ्याकडून उघडून घेऊ नये, कारण प्लग काढल्यानंतरही आतील कपॅसिटरमध्ये जीव जाईल एवढा भार साठलेला राहू शकतो.

भांड्यांची चूक मुख्यतः एकाच यंत्रात दोन-तीन पद्धती असल्याने होते. कन्व्हेक्शनवर केकचे धातूचे भांडे चालते, म्हणून मायक्रोवेव्हवर स्टीलची वाटी ठेवली जाते. मग कधी ठिणग्या उडतात, तर कधी काहीच न होता आमटी थंड राहते, कारण लहरी स्टीलवरून परततात. सोनेरी कड असलेल्या कपबशाही त्यात आल्या. श्रीखंडाचे रिकामे डबे जपून ठेवणे हा आपला गुण असला तरी त्यात वांग्याची तेलकट भाजी तापवू नये. तेल पाण्याच्या उकळबिंदूच्या पुढे तापते आणि डबा मऊ पडतो. बाळाची दुधाची बाटली तर मुळीच ठेवू नये: बाटली कोमट लागते आणि दुधाचा एखादा भाग पोळण्याइतका तापलेला असतो. शिळी ज्वारीची भाकरी पाण्याचा हात लावून अर्धा मिनिट ठेवावी. तीन मिनिटे ठेवल्यास ती आतून करपून धूर येतो. तसा धूर दिसला तर दार न उघडता बटण बंद करावे आणि प्लग काढावा, म्हणजे हवा न मिळाल्याने आग आतच विझते.

एक चूक माझी स्वतःचीही सांगतो. गुळगुळीत काचेच्या ग्लासात मी पाणी तापवले, बुडबुडे दिसेनात म्हणून पुन्हा तापवले, आणि कॉफीची पूड टाकताच ते एकदम उसळून मनगटावर आले. असे पाणी न उकळताच १०० अंशांच्या वर जाऊ शकते. तेव्हापासून मी ग्लासात लाकडी चमचा ठेवतो आणि बाहेर काढण्यापूर्वी मिनिटभर थांबतो. चाळीस वर्षे मुलांना वीज शिकवलेल्या माणसाला हे माहीत नव्हते, यावरून मिळवलेली पदवी घरात कितपत उपयोगी असते, ते सौ. अधूनमधून सुनावते.

ओव्हन घरी बसवायला येणारा माणूस केक आणि पिझ्झा करून दाखवतो. त्याच भेटीत त्याने सॉकेटला टेस्ट लॅम्प, म्हणजे दोन तारा जोडलेला साधा दिवा, लावून पाहावा, असे मला सुचवायचे आहे. फेज (वीज आणणारी तार) आणि न्यूट्रलमध्ये (ती परत नेणारी तार) दिवा जेवढा उजळतो, जवळपास तेवढाच तो फेज आणि अर्थमध्ये उजळला पाहिजे. दिवा मंद लागला, तर ओव्हन चालू करून न देता तसे पावतीवर लिहून द्यावे आणि ग्राहकाने आधी वायरमनला बोलवावे, अशी विनंती मी मराठवाड्यातील विक्रेत्यांना आपल्या दैनिकाद्वारे करीत आहे.

आपला,
एक निवृत्त शिल्प निदेशक, परभणी