दरबारी तवारिखीचा (इतिहासग्रंथाचा) दाखला देताना कुणी, कधी लिहिली तेही छापा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मुघलांबद्दल हल्ली पेपरात आणि व्हॉट्सॲपवर जे येतं त्यात दोनच सूर ऐकू येतात. एक म्हणजे "अकबरनाम्यात (अकबराच्या दरबारी इतिहासात) लिहिलंय", झालं, विषय संपला. दुसरा म्हणजे बादशहाच्या पगारी लोकांनी लिहिलेलं, ते कशाला वाचायचं. मला दोन्ही पटत नाही म्हणून हे पत्र.

अकबराच्या दरबारातल्या अबुल फझलने १५८९ साली अकबरनाम्याचं काम हातात घेतलं आणि १३ वर्षं तो त्यात होता, खर्डे पुन्हा पुन्हा लिहिले, दरबारातले वाकेनवीस रोजचं टिपून ठेवायचे ते कागद समोर, शिवाय जुन्या माणसांकडून आठवणी लिहून मागवल्या, त्यात अकबराची आत्या गुलबदन बेगम होती आणि हुमायूनच्या हाताखाली पाण्याची झारी सांभाळणारा जौहरसुद्धा होता. मग सुलेखनकार, चितारी, सोनेरी काम करणारे, जिल्दसाज, अख्खा कारखानाच. तिसरा भाग आईन-इ-अकबरी, त्यात महसूल, फौज, पगार तर आहेतच पण खिचडीला तांदूळ, डाळ, तूप किती घ्यायचं तेही आहे! एवढी माहिती नुसती खुशामत म्हणून कुणी फेकून कशी देतं मला कळत नाही.

पण हेतू काय होता तेही बघा ना. मंगोल पूर्वज अलानकुवा हिच्यापासून दैवी प्रकाश पिढ्यानपिढ्या उतरत अकबरापर्यंत आला असं अबुल फझल मांडतो. म्हणजे हा राजा देवानेच निवडलाय, विरोध करून उपयोग नाही, हे प्रजेला आणि शत्रूलाही ठसवायचं होतं. त्याच दरबारातल्या बदायुनीला अकबराची धोरणं मान्य नव्हती, त्याने आपला इतिहास गुपचूप लिहिला आणि तो बाहेर आला तो त्याच्या मृत्यूनंतर, जहांगीरच्या काळात. एकच राजा, एकच दरबार, आणि दोन चित्रं. आणि १६०२ मध्ये अबुल फझलचा खून झाला तो मीच करवला हे जहांगीरने स्वतःच्या आठवणींत सरळ लिहून ठेवलंय.

आपल्याकडच्या लोकांना जास्त जवळचं म्हणजे औरंगजेब. त्याच्या पहिल्या १० वर्षांचा अधिकृत इतिहास म्हणजे महंमद काझिमचा आलमगीरनामा, त्यानंतर बादशहाने हे लिखाणच थांबवलं. पुढची मआसिर-इ-आलमगिरी पूर्ण झाली १७१० साली, बादशहा जाऊन तीन वर्षं झाल्यावर. म्हणजे दख्खनच्या नंतरच्या मोहिमांचा काळ मूळ दरबारी तवारिखीत नाहीच, तिथे अखबारात म्हणजे दरबारची रोजची बातमीपत्रं कामाला येतात. शिवाजी महाराजांच्या आग्रा प्रकरणातही तेच, आलमगीरनामा बादशहाची बाजू सांगतो पण त्याच दिवसांत आग्र्याहून आमेरला (मिर्झाराजे जयसिंगांच्या राजधानीला) गेलेली राजस्थानी पत्रं शेजारी ठेवली की प्रसंग कितीतरी स्पष्ट होतो. आपली सभासदाची बखरही राजाराम महाराजांच्या सांगण्यावरून १६९४ च्या सुमारास जिंजीला लिहिली गेली, तिलाही हाच नियम लावायला हवा, आपली म्हणून सूट नको.

माझी विनंती एवढीच, तुमच्या पुरवणीत इतिहासावरचा लेख छापताना उताऱ्याखाली ग्रंथ कोणता, कुणाच्या हुकमावरून आणि घटनेनंतर किती वर्षांनी लिहिला हे एका ओळीत द्या. जागा फार लागणार नाही.

आपला,
एक वाचक, नाशिक