काउंटरवरच्या मुलीवर कारवाई नको, तिच्या जोडीला माणूस द्या

प्रति,
ग्राहक सेवा विभागप्रमुख
तसेच शाखांच्या कामकाजाचे प्रमुख

विषय : ॲलर्जी सांगूनही दुधाचा अंश असलेली कॉफी दिल्याबद्दल, आणि त्यासाठी काउंटरवरच्या दोन कर्मचाऱ्यांवर कारवाई न करण्याबद्दल.

संदर्भ : माझी पहिली तक्रार आणि त्यावर आलेलं आपलं ईमेल.

महोदय / महोदया,

हे माझं दुसरं पत्र. पहिलं त्याच रात्री हॉस्पिटलमधून घरी आल्यावर लिहिलं होतं. त्यात राग फार होता आणि सांगायचं तेच राहून गेलं. दोन दिवसांनी आपलं उत्तर आलं : गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत, संबंधित कर्मचाऱ्यांवर योग्य ती कारवाई करत आहोत. खाली सहा डोनट्सचं कूपन. ते उत्तर वाचल्यापासून मला चैन नाही. माझ्या तक्रारीमुळे दोन तरुण मुलांची नोकरी जाणार असेल, तर चूक नेमकी कुणाची ते मी नीट लिहायला हवं.

त्या रविवारी सकाळी साडेनऊच्या सुमारास मी आणि माझा पंधरा वर्षांचा मुलगा तुमच्या शाखेत आलो. त्याला लहानपणापासून दुधातल्या प्रथिनांची ॲलर्जी आहे. पुष्कळ लोक याची गल्लत दूध न पचण्याशी करतात. दूध पचत नसेल तर पोट बिघडतं. ॲलर्जीत अंगावर गांधी उठतात, ओठ-जीभ सुजते, घसा आवळतो आणि वेळेवर औषध मिळालं नाही तर जीवावर बेततं. दूध उकळलं म्हणून ही प्रथिनं नाहीशी होत नाहीत, त्यातलं केसीन हे मुख्य प्रथिन तर उष्णतेला सहसा दाद देत नाही. म्हणून आम्ही बाहेर गेलो की तो स्वतःच सांगतो. त्या दिवशीही त्याने स्पष्ट सांगितलं, "सोया दुधाची लाटे द्या, मला दुधाची ॲलर्जी आहे."

काउंटरवरच्या मुलीने ते ऐकलं, पुन्हा म्हणून दाखवलं आणि कपावर मार्करने मोठ्या अक्षरांत 'सोया' लिहिलं. तिच्या कानाला हेडसेट होता, कारण बाहेरच्या खिडकीवर गाडीतून येणाऱ्यांच्या ऑर्डरही तीच घेत होती. माझ्याशी बोलता बोलता ती मध्येच "एक मिनिट हं" म्हणून खिडकीवरच्या माणसाशी बोलायची. तिच्यामागे एक मुलगा कॉफीच्या मशीनवर होता. डोनट्सचे ट्रे भरणं, खोकी बांधणं आणि ॲपवरून आलेल्या ऑर्डर पिशवीत भरून डिलिव्हरीवाल्यांना देणं, हेही त्याच्याकडेच. शेजारचा छोटा प्रिंटर एकामागून एक चिठ्ठ्या काढत होता. त्यांची पट्टी वेटोळी होत जमिनीवर टेकली होती. भिंतीवरच्या पडद्यावर प्रत्येक ऑर्डरला किती वेळ लागला त्याचे आकडे पळत होते, त्यातले बहुतेक लाल.

मी दोन हातांच्या अंतरावर उभी होते. त्या मुलाने आधीच्या कॉफीसाठी दूध गरम केलेला स्टीलचा जग नळाखाली एकदा फिरवला, पाणी ओतून टाकलं, त्यात सोया दूध घेतलं आणि जग वाफेच्या नळीखाली धरला. त्या नळीवर वाळलेल्या दुधाचा पांढरा थर होता. मी तो पाहिला, आणि तरी मला तोंड उघडायला वेळ लागला. या गोष्टीची टोचणी मला आजही आहे. पण हेही तितकंच खरं की त्या गर्दीत, मागे दहा-बारा माणसं उभी असताना, थांबा म्हणायला कुणाचीही जीभ अडखळेल. काउंटरच्या आत उभ्या असलेल्या त्या मुलाचीही तीच गत होती.

चार-पाच घोट घेतल्यावर मुलाचे ओठ सुजायला लागले. मानेवर गांधी उठल्या. आमच्याजवळ औषध होतं, ते लगेच दिलं आणि गाडी बोलावली. त्या पाच-सात मिनिटांत काउंटरवरच्या मुलीने जे केलं ते मी विसरणार नाही. तिने हेडसेट काढून ठेवला, खुर्ची ओढून मुलाला बसवलं आणि मला विचारलं, "काकू, डॉक्टरांना दाखवायला सोया दुधाचं खोकं हवं का?" खोकं अर्धं भरलेलं होतं. तिने ते एका जगात ओतून रिकामं केलं, घटक छापलेली बाजू फाडून माझ्या हातात दिली आणि म्हणाली, "यात दूध नाही लिहिलेलं, म्हणजे जगातून किंवा नळीतून गेलं असेल. डॉक्टरांना तसं सांगा." डॉक्टरांना पहिल्यांदा हीच माहिती हवी होती. अशा त्रासाची दुसरी लाट काही तासांनी येऊ शकते म्हणून आम्हाला संध्याकाळपर्यंत तिथे ठेवून घेतलं. मुलगा आता बरा आहे.

आम्ही अजून दुकानातच होतो, तेव्हा आतल्या खोलीतून मॅनेजर बाहेर आले. मुलाकडे एकदा पाहिलं आणि सगळ्यांसमोर त्या मुलीवर ओरडले, "तुला एवढंही कळत नाही? मॅडमची माफी माग आधी." तिने माफी मागितली. तिचे हात थरथरत होते. मग रांगेकडे बघून ते म्हणाले की आज दोघं सुट्टीवर आहेत, सहकार्य करा, आणि पुन्हा आत गेले. ते स्वतः काउंटरवर उभे राहिले नाहीत. ती पहाटे पाच वाजता शटर उघडायला आली होती आणि पुढच्या शिफ्टचा माणूस येणार नाही म्हणून तिला तसंच थांबवून ठेवणार होते, हे मला तिच्याच तोंडून कळलं, तेही मी विचारलं म्हणून.

मी पंधरा वर्षं एका मोठ्या दवाखान्यात नोंदणीच्या खिडक्यांवरच्या ड्यूट्या लावण्याचं काम केलं आहे. दोघांनी अचानक रजा टाकली की चार्ट कसा कोलमडतो, ते मला माहीत आहे. पण त्या कामाने मला एक हिशोब शिकवला, आणि तो तुमच्या भिंतीवरच्या लाल आकड्यांना थेट लागू होतो.

समजा, एका गिऱ्हाइकाला सरासरी एक मिनिट लागतं. म्हणजे एक माणूस तासाला साठ जणांचं काम करू शकतो. तासाला ४८ जण येत असतील, तर आल्यापासून हातात वस्तू पडेपर्यंत एकाला सरासरी पाच मिनिटं लागतात. ५४ आले तर दहा. ५७ आले आणि गर्दी तशीच टिकली, तर वीस. गिऱ्हाइकं वाढली फक्त नऊ, वेळ चौपट. कारण माणसं घड्याळाच्या काट्याने एकेक करून येत नाहीत, घोळक्याने येतात, आणि काम करणाऱ्याला मधे श्वास घ्यायला फटच उरली नाही तर एकदा तुंबलेली रांग ओसरत नाही. आता त्याच ५७ जणांसाठी शेजारी तेवढ्याच वेगाचा दुसरा माणूस उभा करा. वीस मिनिटांचा वेळ दीड मिनिटाच्या आत येतो. रांगांचं हे गणित १९०९ साली कोपनहेगनच्या टेलिफोन एक्स्चेंजमधल्या कॉल्सवरून अ‍ॅग्नर एर्लांग या डॅनिश गणितज्ञाने मांडायला सुरुवात केली. शंभर वर्षांहून जुनं आहे ते. तुमच्यासारख्या साखळी कंपनीत हे कुणाला ठाऊक नसेल, यावर माझा विश्वास बसत नाही.

मग रविवारी सकाळी साडेनऊला, जेव्हा गर्दी होणार हे तुमच्याच बिलांच्या नोंदींवरून आधी कळतं, तेव्हा काउंटर, खिडकी आणि ॲप अशा तीन तोंडांना मिळून दोन माणसं का असतात? माणसं कमी आहेत हे माहीत असताना ॲपवरच्या ऑर्डर तासभर बंद का ठेवल्या नाहीत? खिडकी बंद का केली नाही? हे निर्णय त्या मुलीच्या हातात नव्हते. मॅनेजरच्या हातात होते की नाही, तेही मला कळलेलं नाही. त्यांनाही वरून तासांचं बंधन असेल, तर माझी ही तक्रार त्यांच्याही वरच्या खुर्चीकडे आहे असं समजावं.

वेळ नसला की पहिल्यांदा काय सुटतं? हसू सुटत नाही, कारण ते गिऱ्हाइकाला दिसतं. सुटतात ती न दिसणारी कामं. प्रत्येक वेळी नळी ओल्या फडक्याने पुसून वाफ सोडणं, जग साबणाने धुणं, बदामाच्या डोनटला लावलेला चिमटा साध्या डोनटला न लावणं. नुसत्या पाण्याने विसळून दुधाची प्रथिनं जात नाहीत आणि जंतुनाशक फवारून तर मुळीच जात नाहीत, घासून धुवावंच लागतं. त्याला वेळ लागतो. भिंतीवरचा आकडा लाल होत असताना तो वेळ त्या मुलाने कुठून आणायचा होता? त्या दिवशी फिल्टर कॉफीचं भांडंही आम्ही येण्याआधीपासून तापत्या पट्टीवर तसंच होतं. शेजारच्या बाईंनी कडवट लागते म्हणून कप परत केला. अर्धा-पाऊण तास तापत राहिली की कॉफी कडू आणि आंबूस होणारच. पण नवीन करायला घ्यायची तर हात हवा, आणि तिथे रिकामा हात नव्हता.

आणखी एक गोष्ट मी नंतर, मुलगा बरा झाल्यावर, त्या शाखेत मुद्दाम जाऊन विचारली. ऑर्डर घेण्याच्या पडद्यावर सोया दुधाचं बटण आहे, ॲलर्जीचं नाही. म्हणजे आवड म्हणून सोया मागणारा आणि दुधाने जीव धोक्यात येणारा, या दोघांची चिठ्ठी मशीनवरच्या मुलाला सारखीच दिसते. तिने कपावर 'सोया' लिहिलं ते बरोबरच होतं, त्याहून वेगळं काही लिहायला तिला कुणी शिकवलेलंच नव्हतं. शिकवणी म्हणजे टॅबवर व्हिडिओ आणि शेवटी दहा प्रश्न, असं कळलं. तिथे असलेल्या दुसऱ्या मुलीने मला सांगितलं की तिला पहिल्याच दिवशी दुपारी काउंटरवर उभं केलं होतं.

पावतीच्या तळाशी तुमचा अभिप्रायाचा दुवा असतो. मी तो उघडून पाहिला. कर्मचाऱ्याने हसून स्वागत केलं का, नावाने हाक मारली का, दुसरा पदार्थ सुचवला का, असे प्रश्न आहेत. काउंटरवर किती माणसं होती, असा एकही नाही. म्हणजे गिऱ्हाइकाचा सगळा राग त्या मुलीच्या नावावर जमा होतो आणि चार्ट लावणाऱ्यापर्यंत पोहोचतच नाही. माझी पहिली तक्रारही बहुधा अशीच तिच्या खात्यात गेली. ती तिथून काढून टाका, ही माझी पहिली आणि सगळ्यात महत्त्वाची मागणी आहे. त्या दोघांवर कारवाई झाली असेल तर ती मागे घ्या आणि तसं मला लेखी कळवा. तिच्या नावापुढे काही नोंदवायचंच असेल, तर गिऱ्हाइकाचा जीव घाबरा झालेला असताना तिने काय केलं, ते नोंदवा.

दुसरं, बिगरदुधाच्या पेयांसाठी वेगळ्या रंगाचा जग आणि वेगळं फडकं ठेवा. एका जगाला असा किती खर्च येणार? शक्य तिथे नळीही वेगळी द्या. आणि ज्या शाखेत हे पाळणं शक्य नाही, तिथे काउंटरवर ठळक पाटी लावा की दुधाच्या ॲलर्जीवाल्यांसाठी आमची पेयं सुरक्षित नाहीत. आम्ही पाणी पिऊन बाहेर पडू, त्यात आम्हाला कसलाही कमीपणा वाटणार नाही. पडद्यावर ॲलर्जीचं बटण द्या, चिठ्ठीवर ते मोठं छापून येऊ द्या, आणि तशा ऑर्डरला भिंतीवरचा वेळ लागू करू नका.

गर्दीच्या वेळी तिसरा माणूस असलाच पाहिजे. ऐनवेळी कुणी आलं नाही तर ॲप किंवा खिडकी बंद ठेवण्याचा अधिकार शाखेतल्या शिफ्ट प्रमुखाला द्या, आणि तो वापरला म्हणून त्याला जाब विचारू नका. मॅनेजर आतल्या खोलीत काय काम करत होते ते मला माहीत नाही, कदाचित खरंच महत्त्वाचं असेल. पण दोन माणसं कमी असताना त्यांनी ॲप्रन बांधून मशीनवर उभं राहायला हवं होतं. आणि हाताखालच्या माणसाला गिऱ्हाइकांसमोर ओरडायचं नाही, हे त्यांना कुणीतरी समजावून सांगा. तिला जे सांगायचं ते आतल्या खोलीत सांगता आलं असतं. ती माफी मला नको होती. मला ती पाहवली नाही.

कूपन मी परत करत आहे. त्या सहाही डोनट्समध्ये दूध आहे, हे तुमच्याच घटकांच्या यादीत लिहिलेलं आहे. पत्र वाचून ते पाठवलं असतं तर हे लक्षात आलं असतं. म्हणून या पत्राचं उत्तर कृपया ते पूर्ण वाचलेल्या माणसाने, स्वतःच्या नावाने आणि पदासह द्यावं. पंधरा दिवस मी वाट पाहीन. उत्तर आलं नाही तर अन्नसुरक्षेच्या सरकारी विभागाकडे तक्रार करेन, पण ती कंपनीच्या कारभाराविरुद्ध असेल. त्या दोघांचं नाव मी तिथे देणार नाही.

त्या शाखेत मी पुन्हा गेले तेव्हा ती काउंटरवर नव्हती. विचारलं तर कुणी नीट सांगितलं नाही. ती कामावर आहे का, एवढं तरी लगेच कळवा.

आपली,
एक ग्राहक

सोबत : पावतीची प्रत, हॉस्पिटलच्या कागदाची प्रत, खोक्याच्या फाडलेल्या बाजूचा फोटो, न वापरलेलं कूपन.