बाजरीत तूर मोघताना

कुर्ला, मुंबई

ती. आई-बाबांस साष्टांग नमस्कार.

आधी एक सांगते. टीव्हीवर मुंबईचं पाणी तुंबलेलं दिसलं की बाबा पेरणीची तिफण बाहेर काढतात, तसं यंदा करू नका. आपलं पाथर्डी घाटाच्या आडोशाला, पर्जन्यछायेत. तिथे 75 ते 100 मिलिमीटर पडून ओल वीतभर खाली गेली, की मगच चाडं धरा, पेरणीला लागा.

वरच्या चार एकरांत नुसती बाजरी नको. दोन ओळी बाजरी, एक ओळ तूर. तिफणीच्या तीन फणांतलं अंतर दीड फूट असलं तर चार एकरांना बाजरी चार किलो आणि तूर दहा किलो पुरते. तूर मधल्या फणालाच हवी: त्याचं चाड्यातलं, म्हणजे बी सोडायच्या वाटीतलं, भोक चिंधीने बुजवा आणि मागून सरत्याने, म्हणजे फणामागे बांधलेल्या नळीने, तूर मोघा, पेरत चला. कडेच्या फणाला दिलीत तर वळून येताना तुरीला तूर चिकटते आणि पुढे बाजरीच्या चार ओळी लागून पडतात. बाजरी दोन-तीन सेंटीमीटरच्या खाली गेली तर उगवण मारली जाते; तुरीला चार-पाच चालतं. वाण बदनापूरचं बीडीएन-711 घ्या. साधारण 150 ते 160 दिवसांत येतं, झाडं वाळवणाऱ्या मर रोगालाही तग धरतं.

तुरीच्या मुळांवर नत्राच्या गाठी धरवणाऱ्या जिवाणूंचं पाकीट घेताना दुकानदाराला नुसतं ‘रायझोबियम द्या’ म्हणू नका, तुरीचं मागा. हरभऱ्याचं किंवा सोयाबीनचं तुरीला कामाचं नाही. अंतिम तारीख बघा, आणि पाकीट पत्र्याखाली ठेवू नका. उन्हाने जिवाणू मरतात. दहा किलो बियाण्याला 250 ग्रॅम. बुरशीनाशक लावायचं तर ते आधी, पूर्ण वाळू द्या, जिवाणू सगळ्यात शेवटी. गुळाचं पाणी उकळून पार गार झालेलं हवं, तेही बी चिकट होण्यापुरतंच. सावलीत पसरा आणि त्याच दिवशी पेरा.

तणासाठी ॲट्राझिन अजिबात नको. बाजरीला ते चालतं, तूर मात्र जळते. तिसऱ्या आणि पाचव्या आठवड्यात कोळपणी करा, ओळींमधलं तण कोळप्याने काढा. पाणी साचतं त्या खालच्या कोपऱ्यात चर काढा, नाहीतर तूर पिवळी पडून बसेल.

आता युरियाचं. बाबा म्हणणार, शेजारी तूर आहे तर खत कशाला? पण यंदाच्या बाजरीला तुरीचा नत्र (नायट्रोजन) जवळजवळ मिळतच नाही. मुळांवरच्या गाठींत तयार होतो तो तूर स्वतःच्या वाढीला वापरते, त्यातला बराच दाण्यांतून बाजारात जातो. रानाला उरतो तो गळलेल्या पानांत आणि मुळांत, आणि ती कुजल्यावर पुढच्या पिकाला लागतो. म्हणून बाजरीला 25-30 दिवसांनी, ओल असताना, फक्त तिच्याच ओळीला युरिया द्या. तुरीच्या ओळीला टाकलात तर ती आयत्या नत्रावर बसते आणि गाठी धरत नाही. तिला स्फुरद (फॉस्फरस) हवं, ते पेरणीबरोबरच.

बाजरी निघाली की मोकळी झालेली तूर पसरते. ती काढताना उपटायची नाही. कोयत्याने जमिनीलगत कापा. सालगडी उपटूनच काढतात कारण ते झटपट होतं, पण मग ज्यासाठी तूर लावली ती नत्राची मुळंच बांधावर जाऊन पडतात. तुराट्या आईने खुशाल चुलीला न्याव्यात, त्या लाकडात नत्र फारसा नसतो. खाली पडलेला पाला मात्र झाडून पेटवू नका. भुसा गुरांना घातला तर त्यातला नत्र शेणातून रानात परत येतोच.

चाळीसाव्या दिवसाच्या आसपास एक-दोन झाडं काढून बघा. ओढू नका, गाठी मातीतच तुटतात. खुरप्याने ढेकळासकट उचला आणि पाण्यात हलक्या हाताने धुवा. मुळावरची गाठ नखाने चिरली आणि आत गुलाबी-लाल दिसली, म्हणजे काम चालू आहे. पांढरट किंवा हिरवट निघाली तर नाही. चिरलेल्या गाठीचा फोटो सावलीत काढून व्हॉट्सॲपवर पाठवा, उन्हात रंग नीट येत नाही.

तुमची,
मनीषा