बेटावरचा एक दिवस स्वतः आखावा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

दिवाळीची सुट्टी जवळ आली की जळगाव, भुसावळ आणि धुळ्यातील सहल कंपन्यांच्या जाहिराती आपल्या पुरवणीत दिसू लागतात आणि अलीकडे त्यांत मॉरिशस, बाली, अंदमान या बेटांची नावे सर्वांत ठळक असतात. खानदेशातील शिक्षक, रेल्वे कर्मचारी, केळी-कापसाचे बागायतदार अशी साधी कुटुंबे आता समुद्रापलीकडे जाऊ लागली आहेत, ही मनापासून आनंद वाटावा अशी गोष्ट आहे. परंतु या जाहिरातींत सगळा भर किती ठिकाणे दाखवणार यावर असतो. केवळ आपल्या कुटुंबापुरती गाडी, सोबत त्याच बेटावरचा जाणता मार्गदर्शक आणि आपल्या माणसांची गरज पाहून आधीच ठरवलेला एक पूर्ण दिवस, ही सोय कोणी देऊ करताना दिसत नाही. मॉरिशसला आम्ही असा दिवस घेतला. त्या अनुभवावरून माझे ठाम मत झाले आहे की बेटावर जाणाऱ्या प्रत्येक कुटुंबाने निदान एक दिवस ग्रुपपासून वेगळा काढावा आणि आपल्याकडच्या कंपन्यांनी तो मूळ पॅकेजमध्येच ठेवावा.

मॉरिशसचे मुख्य बेट सुमारे १,८६५ चौरस किलोमीटरचे आहे. आपला जळगाव जिल्हा ११,७६५ चौरस किलोमीटरचा, म्हणजे त्या बेटाच्या सहापटीहून थोडा मोठाच. उत्तर-दक्षिण लांबी सुमारे ६५ किलोमीटर. नकाशा पाहिला की कोणालाही वाटते, सकाळी चहा घेऊन निघावे आणि संध्याकाळपर्यंत सगळे पाहून परतावे. ग्रुप टूरचे वेळापत्रक याच समजुतीवर बेतलेले असते. प्रत्यक्षात बेटाच्या मध्यभागी उंच पठार आहे, उत्तरेकडून दक्षिणेला जाणारी मोठी वाहतूक पोर्ट लुई या राजधानीच्या गर्दीतून जाते आणि उत्तरेच्या ग्रां बे भागात उतरलेल्या पर्यटकाला नैर्ऋत्य टोकाच्या ल मोर्नपर्यंत जायला दीड तास सहज लागतो. त्यातच चार-पाच हॉटेलांतून माणसे गोळा करणारी बस, प्रत्येक ठिकाणी कोणीतरी मागे राहिलेले, आणि मधे दुकानाचा थांबा. आम्ही ज्या ग्रुपबरोबर गेलो होतो, त्याच्या पहिल्या दिवशी जहाजांच्या लाकडी प्रतिकृती विकणाऱ्या दुकानात जेवढा वेळ गेला, तेवढा ज्वालामुखीच्या विवराच्या काठावर मिळाला नाही. माझ्या सासूबाई तर गाडीतून उतरल्याच नाहीत, कारण उतरून चार पावले टाकेपर्यंत परतीची हाक येत होती.

म्हणून एका मोकळ्या दिवसासाठी आम्ही स्थानिक मार्गदर्शकाची निघण्यापूर्वीच बोलणी करून ठेवली होती. त्याला पत्राने कळवताना ठिकाणांची यादी पाठवली नाही, माणसांची पाठवली. सासूबाईंचे वय आणि गुडघे, त्यांना कांदा-लसूण चालत नाही ही अडचण, मुलीला समुद्रात उतरायचे आहे पण पोहणे जेमतेम येते, आणि दीर रावेर तालुक्यात केळी करतात म्हणून त्यांना तिथली शेती जवळून पाहायची आहे, एवढेच लिहिले. उलट उत्तर आले त्यात त्याने चारच थांबे सुचवले होते आणि आम्ही आवर्जून विचारलेली दोन ठिकाणे गाळून टाकली होती. पाम्पलमूसची प्रसिद्ध वनस्पती बाग उत्तरेला आहे, ती नैर्ऋत्येच्या दिवसात कोंबली तर दिवस रस्त्यावरच जाईल, असे त्याने स्पष्ट लिहिले. जो स्वतःहून ठिकाणे कमी करा असे सांगतो, तो मार्गदर्शक कामाचा, असे मला त्याच वेळी वाटले. जास्त ठिकाणांचे आश्वासन देणारे पुष्कळ भेटतात.

अशा दिवसाचा खरा उपयोग हवामानात दिसतो. समुद्रकाठी लख्ख ऊन असते तेव्हा क्युरपीपच्या पठारावर, साडेपाचशे-सहाशे मीटर उंचीवर, पाऊस आणि धुके असू शकते. आमच्या ठरलेल्या क्रमात सकाळी ते पठार, मग गंगा तलाव हे तिथल्या हिंदूंचे तीर्थ आणि दुपारनंतर समुद्रकिनारा असे होते. गाडीत बसताच मार्गदर्शकाने पठाराकडे पाहिले, एका ओळखीच्या माणसाला फोन लावला आणि सगळा क्रम उलटा केला. आधी पश्चिम किनाऱ्याने ल मोर्न, मग शामारेल, आणि ढग उचलल्यावर दुपारी गंगा तलाव. त्या दिवशी सकाळी गेलेल्या बसमधील प्रवाशांनी संध्याकाळी हॉटेलात सांगितले की त्यांना तलावावर समोरची मूर्तीही नीट दिसली नाही. बसला क्रम बदलता येत नाही, कारण जेवणाची वेळ, तिकिटे आणि पन्नास माणसे आधीच बांधलेली असतात.

समुद्राबाबतही हेच म्हणावे लागेल. बेटाभोवती प्रवाळाचे कडे जवळजवळ सर्वत्र आहे, त्यामुळे आतले पाणी शांत असते. दक्षिणेला ग्री ग्री येथे मात्र ते कडे तुटलेले आहे आणि मोठ्या लाटा थेट किनाऱ्याच्या खडकांवर येऊन फुटतात. फोटोत दोन्ही किनारे सारखेच सुंदर दिसतात. मुलीला कुठे पाण्यात उतरू द्यायचे आणि कुठे काठावरूनच पाहायचे, हे तिथल्या माणसाने सांगणे आणि आपण फोटोवरून ठरवणे यांत जिवाचा फरक आहे.

शामारेलच्या सप्तरंगी मातीबद्दल थोडे सविस्तर लिहिते, कारण तिथे आमच्या दिरांनी जवळजवळ तासभर काढला आणि ग्रुपमध्ये ते शक्य झाले नसते. लाल, तपकिरी, जांभळट, निळसर अशा लहान लहान टेकड्या एकमेकींना लागून पसरलेल्या आहेत आणि त्यांच्यावर गवताचे पातेही नाही. मार्गदर्शकाने सांगितले की ही माती ज्वालामुखीच्या बेसॉल्ट खडकाचीच. हजारो वर्षांच्या उष्ण, दमट हवेने आणि पावसाने त्यातील विरघळणारे घटक वाहून गेले, मागे लोहाची आणि ॲल्युमिनियमची संयुगे उरली आणि त्यांच्या कमीजास्त प्रमाणामुळे हे रंग आले. दिरांनी लगेच विचारले, की आमच्या तापी खोऱ्यातली काळी मातीही बेसॉल्टचीच, मग ती काळी आणि कसदार कशी? त्यावर दोघांचे चांगलेच बोलणे रंगले. कमी पावसात चुना आणि चिकण अंश जमिनीतच राहतात, तिथे ते धुऊन गेले, हे त्या उघड्या टेकड्यांसमोर उभे राहून त्यांना जसे उमगले तसे कोणत्याही पुस्तकातून उमगले नसते. मी स्वतः शाळेत भूगोल शिकवते आणि खडकाची झीज हा धडा आता मी वेगळ्या तऱ्हेने शिकवते.

पुढे वाटेत उसाच्या शेतापाशी गाडी थांबवायची त्यांची इच्छा होती. उसाची तोडणी चालू होती. शेताच्या मधोमध काळ्या दगडांचे मोठाले ढीग होते, काही तर माणसाच्या दुप्पट उंचीचे आणि वर निमुळते होत गेलेले. जमीन लागवडीखाली आणताना मजुरांनी हातांनी वेचून रचलेले हे दगड आहेत. पहिल्यांदा गुलामांनी, आणि १ फेब्रुवारी १८३५ रोजी तिथली गुलामी संपल्यानंतर प्रामुख्याने हिंदुस्थानातून करारावर नेलेल्या मजुरांनी. ‘ॲटलस’ जहाजातून ३६ मजुरांची पहिली तुकडी २ नोव्हेंबर १८३४ रोजी पोर्ट लुईला उतरली आणि त्यानंतरच्या काळात साडेचार लाखांच्या आसपास माणसे त्या बंदरात आली. ज्या १६ पायऱ्यांवरून ती चढली, त्या आप्रवासी घाटावर आजही जतन केलेल्या आहेत आणि २००६ पासून ते स्थळ जागतिक वारसा यादीत आहे. घाट राजधानीत असल्याने आम्ही तो दुसऱ्या दिवशी पाहिला, पण दगडांचे ढीग आधी पाहिले होते म्हणूनच त्या पायऱ्यांचा अर्थ कळला. पळून गेलेल्या गुलामांनी ज्याच्या कडेकपारींत आसरा घेतला तो ल मोर्नचा ५५६ मीटर उंचीचा डोंगरही २००८ पासून त्याच यादीत आहे. बहुतेक सहलींत मात्र तो समुद्राच्या फोटोची पार्श्वभूमी म्हणूनच राहतो.

आमचा मार्गदर्शक मराठी वंशाचा होता. त्याचे पूर्वज रत्नागिरीकडून गेलेले. घरात क्रेओल ही फ्रेंचवरून घडलेली तिथली बोली, कामात फ्रेंच आणि इंग्रजी, आणि मराठी शाळेत शिकलेली. सासूबाईंना तो पहिल्या तासातच आजी म्हणू लागला. गंगा तलावावर त्याने गाडी पायऱ्या कमी असलेल्या बाजूला लावली आणि त्यांचा हात धरून पाण्यापर्यंत नेले. हा तलावही ज्वालामुखीच्या विवरातला. १९७२ मध्ये त्यात भारतातून आणलेले गंगाजल मिसळले गेले आणि महाशिवरात्रीला सगळ्या बेटावरून लोक चालत तिथे येतात. तिथे गणेश चतुर्थीची सार्वजनिक सुट्टी असते, हे ऐकून सासूबाईंनी दोन्ही हात जोडले. घाई करायला कोणी नव्हते, म्हणून त्या काठावर बसल्या आणि शांतपणे त्यांचा जप पुरा केला. जेवणाचेही असेच. पिवळ्या डाळीचे सारण भरलेली पातळ दाल पुरी तिथे रस्त्यावर सर्रास मिळते, परंतु बरोबरच्या रश्शात कांदा-लसूण असतो. त्याने आदल्या दिवशीच एका घरगुती खानावळीत सांगून सासूबाईंसाठी वेगळी भाजी करवून घेतली होती.

खर्चाचा प्रश्न कोणीही विचारेल आणि तो रास्त आहे. एकट्यादुकट्या प्रवाशाला असा दिवस महाग पडतो, हे मान्य करायला हवे. पण पाच-सहा जणांच्या कुटुंबात गाडीचे भाडे आणि मार्गदर्शकाचा मेहनताना वाटला गेला की ग्रुपच्या ‘ऐच्छिक साइटसीइंग’साठी माणशी आकारल्या जाणाऱ्या रकमेच्या तो फार पुढे जात नाही. शिवाय दुकानांतून होणारी नको ती खरेदी टळते. परक्या देशात एकटे फिरणे धोक्याचे, असेही ज्येष्ठ मंडळी म्हणतात. त्यासाठी काळजी घ्यावी, दिवस सोडू नये. मार्गदर्शकाकडे तिथल्या पर्यटन खात्याचा परवाना आहे का, गाडी भाड्याने प्रवासी नेण्यासाठी नोंदलेली आहे का, हे आधी विचारावे. नुसता चालक आणि माहिती सांगणारा मार्गदर्शक यांत फरक असतो. दोन्ही कामे एकच माणूस करणार असेल तर तसे स्पष्ट करून घ्यावे. किती तासांचे पैसे, प्रवेश तिकिटे आणि जेवण त्यात धरले आहे की नाही, वादळामुळे दिवस रद्द झाला तर रक्कम परत मिळेल का, हे लेखी असावे. तिथे साधारण नोव्हेंबर ते मेच्या मध्यापर्यंत चक्रीवादळांचा मोसम असतो आणि जानेवारी ते मार्चमध्ये त्यांचा धोका सर्वांत जास्त असतो, हेही लक्षात ठेवावे. आणि दुकानात न्यायचे नाही, हे वाक्य पहिल्याच पत्रात घालावे. दुकानदाराकडून दलाली मिळण्याची पद्धत जगभर आहे, तिचा राग धरण्यात अर्थ नाही, पण आपला वेळ आपण राखला पाहिजे.

हेच काम आपल्याकडेही व्हायला हवे. अजिंठ्यासाठी जळगाव स्थानकावर उतरणारा पाहुणा सुमारे साठ किलोमीटर गाडीने जातो, लेणी पाहतो आणि रात्रीच्या गाडीने निघून जातो. सोमवारी लेणी बंद असतात हे ठाऊक नसल्याने कित्येकांचा तोही दिवस वाया जातो. त्याला पाटणादेवीचे जंगल आणि भास्कराचार्यांच्या नातवाने स्थापलेल्या मठाची हकीगत सांगणारा, केळीच्या बागेत नेऊन घड कसा उतरवतात ते दाखवणारा, दुपारी वांग्याचे भरीत आणि कळण्याची भाकरी खाऊ घालणारा तयार मार्गदर्शक आपण उभा केलेला नाही. गाड्या आहेत, हुशार मुलेही आहेत. त्यांना माहितीचे आणि भाषांचे प्रशिक्षण देण्याचे काम पर्यटन विभागाने आणि येथील महाविद्यालयांनी हाती घ्यावे.

सहल कंपन्यांना माझी विनंती एवढीच आहे की बेटांच्या पॅकेजच्या कार्यक्रमपत्रिकेत प्रत्येक दिवशी गाडीत किती तास जाणार, दुकानांचे थांबे किती आणि कुटुंबाला स्वतः आखता येईल असा दिवस कोणता, या तीन गोष्टी छापाव्यात. आपल्या पुरवणीनेही जाहिराती स्वीकारताना त्यांच्याकडे हा तपशील मागावा, म्हणजे या दिवाळीत पैसे भरण्यापूर्वी वाचकांना तो समोर ठेवून निवड करता येईल.

कळावे,
आपली विश्वासू,
एक शिक्षिका, यावल (जि. जळगाव)