गच्चीवरच्या सौर यंत्रणेची स्ट्रिंगनिहाय नोंद ठेवण्याबाबत

प्रति,
मा. अध्यक्ष,
व्यवस्थापकीय समिती

महोदय,

गेल्या रविवारी भर दुपारी वॉचमनकडून चावी घेऊन मी गच्चीवर गेलो आणि इन्व्हर्टरच्या पडद्यावर एकेका स्ट्रिंगचा, म्हणजे एकापुढे एक जोडलेल्या पॅनेलच्या रांगेचा, करंट पाहिला. पाच स्ट्रिंग साडेआठ अँपिअरच्या आसपास होत्या, तिसरी शून्य. ना लाल दिवा, ना मोबाइलवर इशारा. सोमवारी इलेक्ट्रिशियनने डीसी बॉक्स (पॅनेलच्या तारा इन्व्हर्टरआधी जिथे येतात ती पेटी) उघडला तेव्हा त्या स्ट्रिंगचा फ्यूज उडालेला निघाला. तो कधी उडाला, हे आपल्या कुठल्याच नोंदीत नाही.

सहापैकी एक स्ट्रिंग बंद, आणि गेल्या सभेत आपण उत्पादन वाढलं म्हणून समाधानी होतो! युनिट वाढले हे खरं, पण त्याआधीचा महिना ढगाळ होता. नुसत्या युनिटवरून यंत्रणेची तब्येत कळत नाही. पॅनेलच्याच उतारात ऊन मोजणारा सेन्सर बसवला, तर पडलेल्या उन्हाच्या मानाने वीज किती मिळाली ते रोज काढता येतं. आयईसी ६१७२४ या आंतरराष्ट्रीय मानकात ही पद्धत दिली आहे. हे गुणोत्तर हळूहळू उतरलं तर बहुधा धूळ, एकदम पडलं तर फ्यूज किंवा कनेक्टर. तापलेल्या पॅनेलचं उत्पादन थोडं घटतंच. सिलिकॉन पॅनेल २५ अंशांच्या वर दर अंशाला साधारण ०.३ ते ०.४ टक्के गमावतं. तेवढं सोडून द्यायचं.

मला खरी काळजी बॅटरीची वाटते. बाहेरची वीज गेली की आपली यंत्रणा ग्रिडपासून सुटून एकटी चालते आणि लिफ्टचा भार बॅटरीवर येतो. त्या वेळी तिच्यात किती चार्ज उरलाय हे कुणालाच ठाऊक नसतं. चौथ्या मजल्यावरच्या आजी डायलिसिसला याच लिफ्टने जातात. चार्ज ठरावीक पातळीखाली गेला की लिफ्ट जवळच्या मजल्यावर थांबून दार उघडेल, अशी सोय करायलाच हवी.

इन्व्हर्टर स्ट्रिंगचे आकडे मोडबसवर (यंत्रांनी एकमेकांना आकडे पाठवण्याच्या ठरलेल्या पद्धतीने) देतो, ते साठवले मात्र जात नाहीत. दर पाच मिनिटांची नोंद आणि बिघाडाचा इशारा सुरू करण्याचा ठराव येत्या सभेत घ्यावा, ही विनंती. रोज सकाळी नोंद तपासायचं काम मी करीन.

तोवर डीसी बॉक्सला कुणीही हात लावू नये, अशी सूचना फलकावर लावावी. घरातल्या एसी विजेसारखा पॅनेलचा डीसी (एकाच दिशेने वाहणारा) करंट क्षणोक्षणी शून्यावर येत नाही, त्यामुळे चालू लाइनचा कनेक्टर ओढला तर पेटलेली ठिणगी विझत नाही.

आपला,
एक रहिवासी